काका, ‘किती वेळा वाजला?’ असं विचारलंत म्हणून

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुळशीचं लग्न आठ दिवसांवर, लग्नपत्रिकांची सात कामं हातात, आणि नेमका तेव्हाच माझा कॉम्प्युटर बसला. बटण दाबलं की पंखा फिरायचा, पण स्क्रीन काळी, आणि आतून लांबलचक बीप, थांबून परत बीप. श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, केलेल्या बारा वर्षांच्या पत्रिका त्या एका डब्यात.

मी काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. वायर बदलली, प्लग दुसऱ्या बोर्डात लावला, मॉनिटर शेजारच्यांच्या मशीनला जोडून पाहिला, तो ठणठणीत. काय काय केलं ते एका चुकलेल्या पत्रिकेच्या पाठीवर लिहूनही ठेवलं. ती घेऊन बाजारपेठेत गेले, तर दुकानदाराने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कॅबिनेटचा स्क्रू न काढताच म्हणाला, "मदरबोर्ड उडालाय मॅडम, नवीनच घ्या." दुसऱ्याने तपासणीचे तीनशे रुपये घेतले आणि दोन दिवसांनी तेच वाक्य मला परत दिलं. मदरबोर्ड गेला तरी हार्डडिस्क वेगळी असते, पत्रिका जागच्या जागी असतात, एवढं तरी सांगायचं! दोन रात्री मला झोप नव्हती.

नणंदेने तुमचा नंबर दिला. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला माणूस, कॉम्प्युटरचं काय सांगणार, असं मनात आलं होतं, ते आता कबूल करते. तुम्ही पहिलं विचारलंत, "तुम्ही आतापर्यंत काय काय करून बघितलंत?" मी पत्रिकेची पाठ वाचून दाखवली. तुम्ही मधे एकदाही बोलला नाहीत. शेवटी म्हणालात, "मग अर्धं काम तुम्हीच केलंय की. आता फोन कॅबिनेटला लावा, किती वेळा वाजतोय ते ऐकू दे." काका, माझे डोळे तिथेच भरून आले. मशीन तर अजून बंदच होतं.

पुढचं काय सांगायचं! बीप ऐकून तुमचा संशय रॅमवर गेला. तुमच्या सांगण्यावरून प्लग काढला, दोन्ही रॅम, म्हणजे मेमरीच्या त्या पट्ट्या, सोडवल्या आणि नातीच्या कंपासपेटीतल्या पांढऱ्या खोडरबराने त्यांची सोनेरी कड पुसली. रबर काळं झालं. चार महिने आपल्या कोकणात भिंतींना बुरशी येते, तर त्या कडेने काय पाप केलंय? चुरा उडवायला मी फुंकर मारणार, तोच तुम्ही ओरडलात, "फुंकू नका, तोंडाची वाफ लागते!" तुम्हाला ते दिसलं कसं, देव जाणे. स्क्रू-ड्रायव्हर शोधायला मला वीस मिनिटं लागली, तेवढा वेळ तुम्ही फोन धरून बसलात. मागून काकूंनी जेवायला हाक मारलेली मला ऐकू आली होती.

रॅम खटकन बसली, एकच छोटा बीप झाला आणि स्क्रीन उजळली.

पैसे विचारले तर म्हणालात, "रबराचे नातीला द्या." दिले. अशी माणसं आपल्या गावात अजून आहेत, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. सातही पत्रिका वेळेत गेल्या. पेढे घेऊन रविवारी येते, काकूंना त्या दिवशीच्या गार जेवणाबद्दल सॉरीही म्हणायचंय.

आणि ती लिहिलेली पत्रिका टाकलेली नाही. मागच्या बाजूला शेवटची ओळ वाढवली आहे: ‘खोडरबर, पेन्सिलचं.’

आपली,
पत्रिकावाली