अंधाऱ्या दालनातल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्हाला मराठी येत नाही, म्हणजे हे पत्र तुम्ही वाचायची शक्यता शून्य. पण आभार मानायचे तर मला ते मराठीतच जमतात. जुलै २०२४ मध्ये अमेरिकन व्हिडिओ कलाकार बिल व्हायोला गेल्याचं वाचलं, तेव्हापासून हे मनात होतं.

फेब्रुवारी २०१९, लंडनची रॉयल अकॅडमी. व्हायोलांची व्हिडिओ इन्स्टॉलेशन्स आणि मायकेलअँजेलोची रेखाचित्रं एकाच प्रदर्शनात होती. मी गेलो होतो रेखाचित्रांसाठी. व्हिडिओ काय, घरी टीव्ही आहेच! अंधारात शिरलो, बाकावर गुडघा आपटला आणि मी मोबाइलची बॅटरी लावली. चारपाच माना गर्रकन वळल्या. तुम्ही रागावला नाहीत. मोबाइलवर तळहात धरलात आणि हळूच म्हणालात, "दोन मिनिटं बसा, डोळे सरावतील."

समोर व्हायोलांचं १९९२ सालचं 'नान्त ट्रिप्टिक'. शेजारीशेजारी तीन पडदे. डावीकडे बाळंतपण, मध्ये पाण्यात कपड्यांसकट तरंगणारा माणूस, उजवीकडे अंथरुणावर मरणाला टेकलेली म्हातारी. तिन्ही एकाच वेळी चालू, सुमारे अर्धा तास. चौथ्या मिनिटाला मी उठलो. खरं सांगतो, कंटाळलो होतो. तेव्हा तुम्ही उजव्या पडद्याकडे बोट केलंत. "ती त्यांची स्वतःची आई."

मी परत बसलो.

माझी आई गेली तेव्हा मी उशाशीच होतो. पण चार रात्री मी बघत बसलो तो मॉनिटर. ऑक्सिजन ८८, मग ८६, पुन्हा ८९. आकडा वाढला की जरा बरं वाटायचं. शेवटी तिचा चेहरा कसा दिसत होता, हे आज मला सांगता येत नाही. त्या परक्या बाईचा मात्र सांगता येतो: उघडं राहिलेलं तोंड, आणि आहे की नाही अशी शंका यावी इतका बारीक श्वास. तिच्याकडे बघत असतानाच डावीकडचं बाळ रडलं. माझ्या बाजूला एक तरुण पोरगी बसली होती, तिनं न बोलता कागदी रुमालांचं पाकीट माझ्याकडे सरकवलं.

बाहेर पडताना मी विचारलं, यांच्या कामात सगळीकडे पाणीच का? तुम्ही सांगितलंत की सहा वर्षांचे असताना ते तळ्यात बुडता बुडता वाचले, त्यांच्या काकांनी वर ओढलं. पण भीती नव्हती लक्षात राहिली. पाण्याखाली किती सुंदर दिसत होतं, तेवढंच राहिलं. भिंतीवरच्या पाटीवर मी हे वाचलं असतं तर दोन पावलांत विसरलो असतो.

मायकेलअँजेलो त्या दिवशी घाईघाईतच झाला, त्याचं थोडं वाईट वाटतं. गुडघाही आठवडाभर ठणकत होता. मुलाने विचारलं, "बाबा, कुठे पडलात?" म्हटलं, "आजीकडे गेलो होतो."

तुमचा,
बॅटरीवाला