बिडाच्या स्लुईस व्हॉल्व्हचे सदोष पॅकिंग व चुकीचे वर्गीकरण

प्रति,
व्यवस्थापक, माल रवानगी विभाग

विषय: वाहतुकीत झालेले नुकसान व कागदपत्रांतील दुरुस्तीबाबत.

महोदय,

आपल्याकडून आयात केलेले ३०० मिमी व्यासाचे बिडाचे (ओतीव लोखंडाचे) स्लुईस व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपलाइनमधील पाणी अडवणाऱ्या झडपा, आमच्या गोदामात उतरवून तपासले असता ओतकामात नाव ठेवण्यासारखे काही आढळले नाही. खोट आहे ती पॅकिंगमध्ये आणि कागदपत्रांत.

सर्व व्हॉल्व्ह पॅलेटवर उभे ठेवून नुसत्या पट्ट्यांनी आवळले होते. बॉनेट (वरचे झाकण), स्पिंडल (झडप उघड-बंद करणारा दांडा) व हँडव्हील (तो फिरवण्याचे चाक) यांचे वजन वरच्या अंगाला येत असल्याने आधाराच्या चौकटीविना असा नग जोराच्या ब्रेकला कलंडणारच. एका नगाचा स्पिंडल वाकला आहे, तर दुसऱ्याच्या फ्लँजला (पाइपला जोडायच्या चकतीला) बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी बारीक चीर गेली आहे. बीड पोलादासारखे वाकत नाही, तडकते. त्यामुळे पाण्याचा दाब घेण्यास तो नग निरुपयोगी ठरला आहे. फ्लँजच्या तोंडांवर प्लायवुडची झाकणे नव्हती, यंत्रकाम केलेल्या पृष्ठभागांवर गंजरोधक लेप नव्हता, आणि गेट (पाणी अडवणारी आतली पाटी) पूर्ण बंद न केल्याने ते वाटभर आपटत राहिले. हँडव्हीलवरील दोराचे वळ पाहता माल बॉडीला पट्टा न घालता तिथूनच उचलला असावा. पॅलेटवर आयएसपीएम १५ चा (लाकडी पॅकिंग कीडमुक्त ठेवण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) शिक्का मात्र ठळक होता. लाकडाला कीड लागू नये याची जेवढी काळजी घेतली, तेवढी व्हॉल्व्हची घेतली असती तर हे पत्र लिहावे लागले नसते.

बीजकात आपण 'लोखंडी ओतीव सामान' एवढेच लिहून ७३२५ हे सीमाशुल्क वर्गीकरणाचे शीर्षक लावले. पाइपलाइनवरील व्हॉल्व्हसाठी ८४८१ हे स्वतंत्र शीर्षक असताना असे झाल्याने माल सीमाशुल्क तपासणीत अडकला आणि विलंब आकार आम्हाला भरावा लागला. पॅकिंग यादीत सर्व नगांचे मिळून एकच वजन दिले आहे. आकाराने लहान पण वजनाने भारी अशा मालात प्रत्येक पॅलेटचे निव्वळ व ढोबळ वजन नसेल, तर फोर्कलिफ्ट कोणत्या क्षमतेचा लावायचा हेही ठरवता येत नाही.

तरी तडकलेला व्हॉल्व्ह व वाकलेला स्पिंडल विनामूल्य बदलून द्यावा, विलंब आकाराची भरपाई करावी आणि दुरुस्त बीजक व पॅकिंग यादी त्वरित पाठवावी. उर्वरित माल रवाना करण्यापूर्वी पॅकिंगची छायाचित्रे आमच्या मंजुरीसाठी पाठवावीत. मंजुरीविना आलेला माल स्वीकारला जाणार नाही.

आपला विश्वासू,
खरेदी अधिकारी