गाडी तापते म्हणजे नेमकी कधी तापते?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. चढावर गाडीचा तापमानाचा काटा वर जातो, सपाटीला आलं की उतरतो, आणि मेकॅनिकने बोनेट उघडल्या उघडल्या ‘हेड गॅस्केट गेलं’ असा निकाल देऊन टाकला. (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि त्याच्या नि खालच्या ब्लॉकच्या मधलं सील म्हणजे हे गॅस्केट.) हेड उतरवायला अजून हो म्हणाला नसशील, तर इतक्यात म्हणू नकोस. गॅस्केट गेलेलं असेलही. पण ते कळायला हेड खोलावं लागत नाही, आणि एकदा खोललेलं डिझेलचं हेड नीट परत बसवणं फार जिकिरीचं असतं.

मला आधी एवढंच सांग, गाडी तापते म्हणजे नेमकी कधी तापते? उभी असताना, रांगेत सरकताना तापत असेल आणि वेग घेतल्यावर निवत असेल, तर संशय फॅनवर. वेगात नाहीतर चढावर तापते आणि उभी राहिल्यावर शांत होते, तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटरला उष्णता बाहेर टाकणं जमत नाही. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर लगेचच रेडिएटरचा वरचा रबरी पाइप फुगून कडक होत असेल, तर मात्र तुझा मेकॅनिक बरोबर असण्याची शक्यता बरीच. तुझ्या वर्णनावरून मला दुसरा प्रकार वाटतो, पण थोडा पहिलाही आहे. चढ हळू चढत असशील तर समोरून वारा कमी आणि इंजिनवर भार पूर्ण, म्हणजे फॅनचीही परीक्षा तिथेच होते.

आयडलिंगला, म्हणजे इंजिन चालू ठेवून जागेवर उभी, अर्धा तास ठेवली, काही झालं नाही, असं तू लिहितोस. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही रे. डिझेल इंजिन आयडलिंगला इतकं कमी इंधन जाळतं, आणि हवा तर पोटभर घेतं, की ते नीट तापतच नाही. थंडीत उभं ठेवलं तर काटा खाली सरकताना दिसतो. या गाडीचा दोष भाराखालीच पकडावा लागतो.

काट्यावरही फार विसंबू नकोस. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. पाणी ८०ला असो की १००ला, काटा मध्यावरच, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. पाणी इतकं कमी झालं की सेन्सर उघडा पडला, तर तो वाफेतलं नाहीतर हवेतलं तापमान सांगू लागतो आणि काटा एकदम खाली येतो. आपल्याला वाटतं निवली, आणि आत हेड भाजत असतं. चढता काटा विनाकारण धपकन पडला, तर गाडी बाजूला घे आणि इंजिन बंद कर. रेडिएटरच्या झाकणाला हात मात्र लावू नकोस. पूर्ण गार होईपर्यंत नाहीच.

आता झाकणावर आलोच आहे तर तेच घेऊ, कारण सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग तोच. बहुतेक झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो बारमधला दाब. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, निम्मं कुलंट असेल तर आणखी वर. झाकणाचं रबर चिरलं किंवा स्प्रिंग ढिली पडली की हा सगळा फायदा जातो, चढावर पाणी उकळतं आणि कुलंटच्या टाकीतून बाहेर येतं. लोक म्हणतात, ‘इंजिन पाणी खातंय’. झाकणाचं रबर अंगठ्याने दाबून बघ. कडक, चपटं, कडेला चिरलेलं दिसलं तर विचार न करता बदल, तोच आकडा असलेलं घे.

मग फॅन. तुझ्या गाडीला बेल्टवर चालणारा, मधे जाडजूड चकतीचा फॅन असेल तर तो व्हिस्कस क्लचचा. त्या चकतीत सिलिकॉन तेल असतं आणि समोर एक द्विधातूची पट्टी. रेडिएटरमधून गरम हवा आली की पट्टी वळते, तेल आत सुटतं आणि फॅन घट्ट होऊन जोरात फिरतो. तेल झिरपून गेलं की तो नुसता वाऱ्यावर फिरल्यासारखा फिरत राहतो, आणि दिसायला ‘चालू’ असतो! इंजिन चांगलं गरम असताना बंद कर, किल्ली खिशात टाक, आणि मग पातं हाताने फिरव. हाताला ओढ लागली पाहिजे. एका ढकलीत दोन-तीन चकरा मारून गेला तर क्लच संपला. चकतीच्या पुढे तेलकट धूळ चिकटलेली असेल तर तीही साक्षच. गाडीला इलेक्ट्रिक फॅन असेल तर एसी लावून बघ, बहुतेक गाड्यांत फॅन लागतो. पण एसीवर लागतो म्हणजे तापल्यावरही लागेलच असं नाही, तिथे स्विच नाहीतर सेन्सर वेगळा असू शकतो.

रेडिएटरकडे बघताना बहुतेक जण फक्त पुढून बघतात. पुढे दिसते ती एसीची कंडेन्सर, रेडिएटर तिच्या मागे. दोन्हींच्या मधल्या बोटभर फटीत वर्षानुवर्षांचं गवत, किडे, धूळ, तेल यांचा नमदा तयार होतो. टॉर्च घेऊन वरून आत बघ. साफ करायचं तर इंजिनच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने. जोराच्या धारेने पत्र्याचे फिन्स आडवे होतात आणि होता तो वाराही बंद पडतो. आतून चोंदलाय का ते बघायला गरम इंजिन बंद करून रेडिएटरवर इन्फ्रारेड तापमापक ठिकठिकाणी धर. मधेच एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा स्पष्ट गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. जुन्या गाडीत वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं की हेच होतं, क्षार आणि गंज.

थर्मोस्टॅट. तो काढून टाक असा सल्ला तुला कोणीतरी दिलाच असेल. टाकू नकोस. पाणी रेडिएटरकडे सोडणारी मेणावरची झडप म्हणजे हा, साधारण ८२ ते ८८ अंशांना तो उघडायला लागतो. पुष्कळ इंजिनांत त्याच्या खाली दुसरी चकती असते. गरम झाल्यावर ती बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारा, रस्ता बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. थर्मोस्टॅट काढलास तर बायपास कायमचा उघडा, बरंचसं पाणी रेडिएटरला न भेटताच इंजिनात फिरत राहणार, आणि चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापणार. तपासायचा तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोरीने लटकव, तळाला टेकू देऊ नकोस. पाणी तापत जाताना तो सरकन किती उघडतो ते बघ. नुसती चीर पडून थांबला तर नवा घे. बसवताना त्यावरची ती लहानशी हलती पिन वरच्या बाजूला ठेव, भरताना हवा तिथूनच निघते.

आता गॅस्केटचं. रात्रभर गार झालेली गाडी घे, वरचा पाइप हाताने दाबून बघ. झाकण काढून इंजिन सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येतात का, हवा निघून गेल्यानंतरही येत राहतात का, ते बघ. झाकण लावून सुरू केल्यावर पाणी कोमट व्हायच्या आत पाइप दगडासारखा झाला, तर तो दाब सिलिंडरमधूनच येतोय. गॅस तपासायचं निळं द्रावणही मिळतं, एक्झॉस्टचा गॅस लागला की हिरवट नाहीतर पिवळं होतं. डिझेलच्या आयडलिंगच्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड कमी असतो, तेव्हा आरपीएम वाढवून थोडा वेळ थांब. तेलाच्या झाकणाखालची पांढरट साय एकटा पुरावा धरू नकोस, गाडी नुसती जवळच्या जवळ फिरत असेल तर तिथे दवही तशीच साय धरतं.

आणि खरंच हेड उतरवायची वेळ आली, तर मेकॅनिकला दोन गोष्टी विचार. हेडचा बाक सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून मोजणार का, की न मोजताच फेसिंगला, म्हणजे तळ खरडून सपाट करायला, पाठवणार? बऱ्याच डिझेल इंजिनांच्या हेडला खरडायला जागाच थोडी असते, काहींना तर कंपनी परवानगीच देत नाही. दुसरं, गॅस्केटची जाडी. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावरून ती ठरते, आणि गॅस्केटच्या कडेला खाचा किंवा भोकं असतात ती जाडीची खूण. जुन्यावर किती खाचा होत्या हे न बघता नवं आणणारा माणूस असेल, तर दुसरा शोध. हेडचे बोल्ट बहुतेक गाड्यांत ताणाचे, म्हणजे कसताना कायमचे ताणले जाणारे, असतात, ते पुन्हा वापरायचे नसतात.

वॉटर पंपाबद्दल थोडक्यात. त्याच्या बुडाशी एक बारीक भोक असतं, तिथे कुलंटचा वाळलेला डाग दिसला तर सील गेलं. तुझ्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर दोन्ही एकदमच बदल, मजुरी तीच पडते.

पुन्हा भरताना कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, हीटर पूर्ण गरमवर, गाडीचं नाक उताराच्या वरच्या बाजूला. हवा अडकली तर नवीन थर्मोस्टॅट घालूनही तापेल आणि तू मला पुन्हा पत्र लिहिशील.

तूर्त झाकण बदल, फॅन हाताने फिरव, मधली फट साफ कर, आणि गार इंजिनवर वरचा पाइप दाबून काय लागलं ते कळव. तुझ्याकडची वही काढ, कुठल्या चढावर, कुठल्या गिअरला, एसी चालू की बंद, हे लिहून ठेव. तेवढं आलं की मग हेडचं बोलू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश