वाड्यावरच्या कुत्र्यांनाही लस मिळू द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेलं वर्षभर तुमच्या पेपरात कुत्र्यांवर लय छापून येतंय, भटकी कुत्री, चावे, नसबंदी, सुप्रीम कोर्टाचे ऑगस्ट २०२५ चे आदेश, सगळं मी वाचतो. मी फलटण तालुक्यात एका मेडिकलमध्ये कामाला आहे, कुत्रं चावलं म्हणून लहान पोरांना घेऊन धावत येणारे आईबाप मी बघितलेत, त्यामुळं त्यांची भीती मला कळते. पण या सगळ्या चर्चेत एक कुत्रं कुठंच नसतं. मेंढरामागं चालणारं, धनगराच्या वाड्यावरचं (वाडा म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड घेऊन फिरणारा आमचा तळ) कुत्रं. ना ते भटकं, ना ते घराच्या पत्त्यावर नोंदलेलं पाळीव, त्यामुळं कुणाच्याच यादीत ते बसत नाही. त्याच्याबद्दल लिहायचंय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचे आबा आणि थोरला भाऊ अजून वाडा घेऊन फिरतात. सव्वाशे बकरी (आमच्याकडं मेंढरालाच बकरं म्हणतात), दोन घोडी, कोंबड्या, आणि तीन कुत्री. पावसाळ्यात माणदेशाच्या बाजूला माळावर, दिवाळी झाली की लोणंद, शिरवळ, भोर करत वरंध घाटानं महाडकडं उतरायचं, भात काढलेल्या खाचरात बकरी बसवायची आणि पाऊस यायच्या आत परत वर यायचं. मी शिकलो आणि नोकरीला लागलो म्हणून गावात आहे, पण जीव वाड्यावरच असतो.

मागच्या वर्षी श्रावणात आमच्या मैनीला बाभळीखाली चार पिल्लं झाली. त्यातल्या एका पिल्लाची, टिप्याची, गोष्ट सांगतो म्हणजे माझं मागणं काय आहे ते कळेल.

लोकांना वाटतं मेंढपाळाचं कुत्रं म्हणजे मोबाइलवर व्हिडिओत दिसतं ते काळं-पांढरं बॉर्डर कॉली, शिट्टी मारली की डावीकडून फिरणारं, आवाज दिला की उजवीकडून, नजरेनंच मेंढरं दाबून फाटकात घालणारं. ती विद्या मोठीच आहे, स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरच्या डोंगरात ती तयार झाली, वेल्समधल्या बाला गावात १८७३ सालीच त्यांच्या स्पर्धा भरल्या होत्या, आणि नॉर्थंबरलंडमध्ये १८९३ ला जन्मलेल्या ओल्ड हेम्प नावाच्या एका कुत्र्याचं रक्त आजच्या बहुतेक सगळ्या कॉलींमध्ये आहे. पण त्या कुत्र्याचं काम हाकायचं. आमच्या कुत्र्याचं काम राखायचं. हाकायला आबा आहेत, त्यांची काठी आणि तोंडाचा आवाज आहे, कुत्र्यानं फक्त बकऱ्यांत बकऱ्यासारखं राहायचं आणि लांडगा आला की मधे उभं राहायचं. कॉलीचं पिल्लू वर्षाचं व्हायला आलं की शिकवायला घेतात, आमचं पिल्लू मात्र डोळे उघडल्यापासून शिकत असतं, आणि तीन-साडेतीन महिन्यांत त्याचं मुख्य शिक्षण उरकलेलं असतं. इथंच सगळी मेख आहे.

टिप्याचे डोळे बाराव्या दिवशी उघडले. महिन्याचा झाल्यावर वहिनीनं त्याला कोकरांबरोबर जाळीत सोडलं. दिवसा बकरी चरायला जातात तेव्हा लहान कोकरं तळावरच असतात, दुपारी ऊन झालं की त्यांना डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, झाकतात, टिप्या पण त्यातच, कोकराच्या पोटाला टेकून झोपायचा. बकरीचं दूध आणि त्यात कुस्करलेली भाकरी हे त्याचं खाणं. संध्याकाळी बकरी परत आली की आपापलं कोकरू शोधत ओरडत येतात, त्या गलक्यात हे पिल्लू पायाखाली यायचं, एकदा एका बकरीनं असं उडवलं की चार हात लांब पडलं. आबा म्हणाले, उचलू नका त्याला, तीच त्याची मास्तरीण आहे. आणि खरंच, त्या दिवसापासून तो बकऱ्यांसमोरून जाताना मान खाली घालून कडेकडेनं जायला लागला.

शास्त्रज्ञ पण हेच सांगतात. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-सोळा आठवड्यांपर्यंत पिल्लू ज्यांच्या संगतीत राहील त्यांना ते आपलं मानतं, मग ती माणसं असोत, मेंढरं असोत नाहीतर कोंबड्या. अमेरिकेत रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या जोडप्यानं १९७० च्या दशकाच्या शेवटी युरोप-तुर्कस्तानची राखणीची कुत्री आणून यावर वर्षानुवर्षं काम केलं, त्यांचंही म्हणणं असंच होतं की जात महत्त्वाची आहेच पण लहानपणी पिल्लू मेंढरात वाढलं पाहिजे. ऑस्ट्रेलियात वॉर्नांबूलजवळच्या एका छोट्या बेटावर तर २००६ पासून इटलीच्या मारेम्मा जातीची कुत्री पेंग्विन राखायला ठेवली, कोल्ह्यांनी पेंग्विन जवळजवळ संपवले होते. आमच्या आबांनी पुस्तक वाचलेलं नाही पण डालग्याखाली पिल्लू ठेवायची अक्कल त्यांच्या आज्यापासून चालत आलेली आहे. ओळखीतल्या एका बागायतदारानं मेंढ्या पाळल्या आणि राखणीला सात महिन्यांचा जर्मन शेफर्ड विकत आणला, बंगल्यात वाढलेला, त्यानं पहिल्याच आठवड्यात दोन कोकरं खेळता खेळता मारली. त्या कुत्र्याचा काय दोष, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं ही आपली आहेत म्हणून.

असो. आता दुःखाचं सांगतो.

श्रावणात जन्मलेलं पिल्लू दिवाळीत अडीच-तीन महिन्यांचं होतं. डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांची लस सहा-आठ आठवड्यांना सुरू करून तीन-चार आठवड्यांनी परत द्यायची असते, रेबीजची साधारण तीन महिन्यांना. म्हणजे नेमकी लसीची वेळ आणि वाडा हलायची वेळ एकच. त्यातून तळ आज इथं, परवा पाच कोस पुढं. मी वाडा निघायच्या आधी मेंढ्यांच्या लसीकरणाच्या एका शिबिरात गेलो होतो, तिथं विचारलं साहेब कुत्र्यांचे डोस आहेत का, उत्तर मिळालं की इथं फक्त मेंढ्या, कुत्रं दवाखान्यात घेऊन या. दवाखाना बावीस किलोमीटर. वहिनीनं चार पिल्लं आणि मैनी घेऊन एसटीत बसायचं का? मी त्या माणसाला दोष देत नाही, त्याच्या यादीत जे होतं ते त्यानं दिलं, पण यादीत कुत्रं नव्हतं आणि ते का नव्हतं एवढंच मला विचारायचंय.

भोरच्या अलीकडं दोन पिल्लांच्या डोळ्यांतून आणि नाकातून घाण यायला लागली. आधी वाटलं थंडी बाधली. मग खाणं सोडलं, खोकला, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी झटके यायला लागले, तोंडानं नुसतं हवेत चावल्यासारखं करायचं. भावानं फोन केला, मी ऐकूनच ओळखलं की डिस्टेंपर. झटक्यांपर्यंत गेल्यावर औषध म्हणून फारसं काही उरत नाही. दोन्ही पिल्लं गेली, वहिनीनं त्यांना बांधाच्या कडेला पुरलं आणि त्याच दिवशी तळ हलवला. तिसरं आधीच आत्याच्या वाड्यावर दिलेलं होतं. टिप्या वाचला, कसा वाचला देव जाणे. नंतर मी पदरचे पैसे घालून लशी घेतल्या, थर्मासमध्ये बर्फात ठेवून ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना मोटरसायकलवर मागं बसवून महाडपर्यंत घेऊन गेलो, तिन्ही कुत्र्यांना डोस दिले. मी मेडिकलमध्ये काम करतो, लस दोन ते आठ डिग्रीत ठेवायची म्हणजे काय ते मला माहिती आहे. ज्याच्या घरात असं कुणी नाही त्यानं काय करायचं?

कुणी म्हणेल दोन पिल्लं मेली त्यात काय एवढं. साहेब, राखणीचं कुत्रं दुकानात मिळत नाही. जुनं कुत्रं जिवंत असतानाच नवं तयार करावं लागतं कारण निम्मं शिक्षण जुनंच देतं. टिप्या पाच महिन्यांचा झाल्यावर मैनीच्या मागं कळपात जायला लागला. सशामागं धावला, आबांनी "हाड" म्हणून घोंगडीचा शेव फेकून मारला, दुसऱ्यांदा धावला तेव्हा दिवसभर तळावर बांधून ठेवला. शिकारीला चटावलेलं कुत्रं राखणीला उपयोगाचं नाही, ते ससा-चिंकाराच्या मागं जातं आणि इकडं बकरी मोकळी पडतात. सुप्याला मयूरेश्वर अभयारण्याच्या आसपास बकरी असली की आबा टिप्याला जवळ दोरीला धरूनच चालायचे. आणि लांडगा हुशार असतो, एक जण समोर येऊन कुत्र्यांना लांब खेचून नेतो आणि बाकीचे मागून कोकरू उचलतात. पहिल्या वेळी टिप्या फसला, मैनीबरोबर लांबपर्यंत भुंकत गेला. या आषाढात पुन्हा तसंच झालं, मैनी धावली आणि हा मात्र जाळीपाशीच थांबला, बकऱ्यांभोवती गोल फिरत भुंकत राहिला. आबांनी ते पहाटे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता, फोनवर सुद्धा कळलं मला.

आमच्यात लांडग्याला कुणी शत्रू मानत नाही, त्याचा वाटा तो नेतो असं आजी म्हणायची, आणि तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारायचं नाहीच. मारायचं नाही तर राखण हवी, राखणीला चांगलं कुत्रं हवं, आणि ते रोगी नको कारण कुत्र्याचा डिस्टेंपर आणि रेबीज लांडग्यालाही होतो. नामिबियात चित्ता वाचवणाऱ्या संस्थेनं १९९४ पासून शेतकऱ्यांना तुर्कस्तानी राखण-कुत्र्यांची पिल्लं दिली, नुसती दिली नाहीत तर लस आणि तपासणीसाठी मागं लागून भेटी दिल्या, म्हणून शेतकऱ्यांची मेंढरं वाचली आणि चित्त्यावरची बंदूक खाली आली. त्याच नामिबियातून आपण २०२२ ला विमानानं चित्ते आणले. ही युक्ती पण आणायला पाहिजे होती, आणि आपल्याला तर बाहेरून कुत्री आणायचीही गरज नाही, ती वाड्यावर आहेतच.

आणखी एक गोष्ट जी मेंढ्यांवाल्या सगळ्यांनी वाचावी. बकरं एकाच बाजूला मान कलती करून गोल गोल फिरायला लागतं, आंधळ्यासारखं धडकतं आणि मरतं, हे सगळ्यांनी बघितलंय. ते कुत्र्याच्या पोटातल्या पट्टीसारख्या जंतामुळं होतं. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यावर जातात, बकऱ्यानं खाल्ली की मेंदूत पाण्याची गाठ होते, आणि असं मेलेलं बकरू कापून मुंडकं कुत्र्याला टाकलं की चक्र पुन्हा चालू. म्हणून मेलेल्या बकऱ्याचं मुंडकं कुत्र्याला घालू नका, खोल पुरा, आणि डॉक्टरांना विचारून दर तीन महिन्यांनी कुत्र्याला प्राझिक्वांटेल असलेली जंताची गोळी द्या. म्हणजे कुत्र्याचं औषध हे मेंढ्यांचंच औषध आहे. मेंढ्यांसाठी सरकार लस देतं, मेंढीपालनाच्या महामेष योजनेत ७५ टक्के अनुदानावर २० मेंढ्या आणि १ नर देतं, आमच्या फलटणला तर जुळी कोकरं देणारी नारी सुवर्णा मेंढी तयार झाली, बंगालच्या गारोळ मेंढीचा गुण दख्खनीत आणून, एवढं शास्त्र मेंढीसाठी आहे. त्या मेंढ्यांच्या राखणदाराला साधी लस का नाही?

माझं मागणं लहान आहे. मेंढ्यांच्या लसीकरणाला पथक वाड्यावर येतंच, बर्फाची पेटी बरोबर असतेच, त्याच पेटीत कुत्र्यांचे रेबीजचे आणि डिस्टेंपर-पार्व्होचे डोस ठेवा, बरोबर जंताच्या गोळ्या. एका वाड्यावर किती कुत्री असतात, दोन-चार. कार्ड असं द्या की साताऱ्यात घेतलेला पहिला डोस रायगडात दाखवून दुसरा घेता येईल, कारण आम्ही जिल्ह्याच्या हद्दीत थांबत नाही. कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचा आराखडा केंद्रानं २०२१ मध्ये केलाय, मग त्यात कोकणापर्यंत चालत जाणारी आमची कुत्री सुटून कशी चालतील. एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांचीही पहिल्यांदा माहिती घेतली, २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलंय, तेव्हा याहून चांगली वेळ कुठली.

जेजुरीला खंडोबाच्या घोड्यापाशी कुत्रं असतं, भंडारा उधळताना आपण सगळे त्याच्याही पाया पडतो. मैनी आता म्हातारी झालीय, दात झिजलेत, चढावर मागं पडते. भाद्रपदात टिप्याच्या बहिणीला, आत्याच्या वाड्यावर दिलेल्या त्या तिसऱ्या पिल्लाला, पाच पिल्लं झालीत, त्यातलं एक आम्ही आणलंय, लाल रंगाचं, कपाळावर पांढरा ठिपका, सध्या कोकरांबरोबर डालग्याखाली झोपतं आणि टिप्या बाहेर बसून असतो. वाडा भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी निघणार आहे. त्याच्या आत पथक आलं तर वहिनी म्हणाली चहा ठेवते, नाहीतर मी थर्मास धुऊन ठेवलाय.

आपला,
एक मेंढपाळाचा मुलगा
ता. फलटण, जि. सातारा