'पर्यंत' या एका शब्दासाठी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

क्षयरोगाच्या नव्या लशीबद्दलचा एक आकडा तुमच्या टेबलावर आलाच असेल. जागतिक आरोग्य संघटनेने करून घेतलेला अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. कुमारवयीन आणि प्रौढांमध्ये 50 टक्के परिणामकारक असलेली लस 25 वर्षांत 7 कोटी 60 लाखांपर्यंत लोकांचे आजारपण आणि 85 लाखांपर्यंत मृत्यू टाळू शकेल, असे त्यात म्हटले आहे. मी संख्याशास्त्र शिकवतो. हे पत्र त्या वाक्यातल्या 'पर्यंत' या शब्दासाठी आहे.

हे आकडे गणिती मॉडेलमधून आलेले आहेत, आणि मॉडेल म्हणजे भाकीत नव्हे. लोकसंख्येचे वयानुसार गट करायचे. कोण संसर्गमुक्त, कोणाच्या शरीरात जंतू सुप्त, कोण आजारी, कोण बरे झालेले, हे मांडायचे. आणि माणसे एका अवस्थेतून दुसरीत किती वेगाने जातात ते गणिताने बांधायचे. मग लस आणून बघायचे, कोणता प्रवाह किती आटतो ते. लस कधी येते, कोणाला मिळते, किती वेगाने पोहोचते, हे सगळे आधी धरून चालावे लागते. 'पर्यंत' मध्ये हेच दडलेले असते, आणि त्यातले बरेचसे तुमच्या हातात आहे.

आधी वयाचे बोलतो. क्षयाची आजची लस, बीसीजी, 1921 साली पहिल्यांदा दिली गेली. तान्ह्या मुलांना क्षयाच्या मेंदुज्वरापासून ती वाचवते, म्हणून ती हवीच. पण तामिळनाडूत चेंगलपट्टूला 1968 मध्ये सुरू झालेल्या चाचणीत 15 वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून तिचे संरक्षण दिसले नाही. आणि रोग पसरतो तो मुख्यतः मोठ्यांच्या खोकल्यातून. बाळांच्या लसीकरणाची घडी बसलेली आहे, म्हणून नवी लसही तिथेच बसवण्याचा मोह होईल. मॉडेल मात्र सांगते की तसे केले तर प्रसारावरचा परिणाम दिसायला ती बाळे मोठी होईपर्यंत थांबावे लागेल. 2023 या एका वर्षात जगात क्षयाने सुमारे 12 लाख 50 हजार माणसे गेली, म्हणजे रोज 3,400 च्या वर. इतकी वर्षे थांबणे आपल्याला परवडणारे नाही.

आता मला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न. एम72 या अजून चाचणीत असलेल्या नव्या लशीच्या केनिया, दक्षिण आफ्रिका आणि झांबियातल्या चाचणीत सुमारे 50 टक्के संरक्षण दिसले, पण ते आधीच संसर्ग झालेल्या (म्हणजे जंतू शरीरात आहे, पण आजार नाही अशा), एचआयव्ही नसलेल्या प्रौढांमध्ये. सुमारे 20,000 जणांवरची तिसऱ्या टप्प्याची चाचणी 2024 मध्ये सुरू झाली. समजा, लस संसर्ग झालेल्यांनाच उपयोगी ठरली. मग प्रत्येकाची आधी तपासणी करायची, की सरसकट सगळ्यांना टोचायची? मॉडेलमध्ये ही एक ओळ बदलली की झाले. प्रत्यक्षात तपासणीचा खर्च आणि हजारो कर्मचाऱ्यांचे श्रम त्यावर ठरतात. उत्तर अवलंबून आहे ते कोणत्या वयात किती जणांना संसर्ग झालेला आहे यावर. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना तो झालेला आहे असा अंदाज आहे, पण त्या सरासरीने पंधरा आणि पन्नास वर्षांच्या माणसांतला फरक कळत नाही. वयनिहाय मोजणी तोकडी असली की मॉडेल करणाऱ्याला गृहीतकावर भागवावे लागते, आणि त्या गृहीतकावर तुमचा खर्चाचा अंदाज उभा राहतो.

म्हणून मागणे एवढेच. लस येण्याची वाट न पाहता वयनिहाय संसर्गाचे सर्वेक्षण नियमित सुरू करा. कुमारवयीन आणि प्रौढांपर्यंत लशीच्या मात्रा कोण, कुठे नेणार, हे आत्ताच ठरवा; शाळा सोडलेली मुले आणि रोजंदारीवरची माणसे दवाखान्यात आपण होऊन येत नाहीत. तुमच्या खात्यासाठी होणाऱ्या प्रत्येक मॉडेलची गृहीतके लोकांसमोर ठेवा, म्हणजे चूक असेल तर ती दाखवून देता येईल.

आणि कृपा करून लस येतेच आहे म्हणून आजच्या थुंकी तपासणीचा किंवा औषधांचा पैसा कापू नका. त्या सेवा चालूच राहतील असे धरूनच टळणाऱ्या मृत्यूंची गणना होते.

सर्वेक्षणाबाबत आपल्या खात्याने काय ठरवले, ते कळवावे ही विनंती.

आपला,
संख्याशास्त्राचा एक शिक्षक