नवं खातं उघडण्याआधी

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, खासगी बँकेचा पोरगा आपल्या त्रिमूर्ती नगरात येऊन माहितीपत्रक देऊन गेला आणि तुम्ही सगळंच तिकडे हलवायला निघालात. फोनवर आपलं बोलणं भलतीकडेच जातं, म्हणून लिहिते आहे. पेन्शनचं खातं आहे तिथेच राहू द्या. ते बदलायचं तर कोषागारापर्यंत अर्ज, आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला कुठे द्यायचा हा नवा घोर. आपल्याला दुसरं खातं हवंय ते फक्त घरखर्चासाठी.

अर्धा टक्का जास्त व्याज म्हणालात ना? खात्यात वर्षभर ५०,००० रुपये राहिले असं धरा. अडीच टक्क्यांनी १,२५० मिळतील, तीन टक्क्यांनी १,५००. फरक २५० रुपयांचा. आता कार्डाची वार्षिक फी २०० असली, तर १८ टक्के जीएसटी धरून २३६ गेले. हाती उरले १४. त्यातून एसएमएसचे पैसे कापले की बर्डीपर्यंतचं ऑटोभाडंही सुटत नाही. म्हणून त्या पोराला व्याज नका विचारू, सर्व्हिस चार्जेसचा छापील तक्ता मागा. गोड बोलणं तिथे संपतं.

त्यात पहिली ओळ मिनिमम बॅलन्सची बघा. ती बहुतेक महिन्याची सरासरी असते, म्हणजे दोन दिवस पैसे खाली गेले म्हणून लगेच दंड बसत नाही. पण ती कटकट हवीच कशाला? स्टेट बँकेने २०२० मध्येच बचत खात्यावरचा हा दंड काढला, २०२५ मध्ये कॅनरा आणि पंजाब नॅशनलनेही. आणि कोणत्याही बँकेत शून्य शिलकीचं मूलभूत बचत खातं मागता येतं. फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

एटीएमचं एक सांगायचंय, कारण तुम्हाला तिथे जाऊन शिल्लक बघायची सवय आहे. महिन्यातून आपल्या बँकेच्या मशीनवर ५ वेळा मोफत. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर मुंबईसारख्या महानगरात ३, नागपुरात ५. नुसती शिल्लक बघितली तरी दुसऱ्याच्या मशीनवर ती एक वेळ धरली जाते. पुढे रोख काढली की दर वेळी २३ रुपयांपर्यंत, वर कर. त्यापेक्षा पासबुक भरून आणा. तुमची वही आहेच.

महालातल्या पतसंस्थेचं मात्र मनातून काढून टाका. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला तो नाही. दीड-दोन टक्क्यांसाठी आयुष्याची पुंजी तिथे ठेवायची, हे मला पटत नाही. रागवा हवं तर.

आई, आता तुझ्यासाठी. नवं खातं दोघांच्या नावाने आणि 'ऐदर ऑर सर्व्हायव्हर' असंच उघडायचं, म्हणजे तुझ्या एकटीच्या सहीनेही पैसे निघतील. "मला काय कळतं त्यातलं" हे चालणार नाही. दुधाचा, किराण्याचा हिशेब तूच ठेवतेस. नॉमिनीत माझं आणि दादाचं, दोघांचंही नाव घाला. नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात.

माझ्या मते घरापासून पायी जाता येईल अशी सरकारी बँकेची शाखा घ्या. लिफ्ट नसली आणि काउंटर पहिल्या मजल्यावर असला तर ती सोडा, आईचे गुडघे आधी. सत्तरीपुढच्यांसाठी घरी येऊन सेवा देतात का, आणि त्याचे किती घेतात, तेही तिथेच विचारा. ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसेल तर खुशाल पुढच्या शाखेत जा.

माझी वाट बघत बसू नका. आधार, पॅनची झेरॉक्स आणि दोघांचे फोटो लागतील. आईचा फोटो फार जुना झालाय, नवा काढून घ्या.

तुमची,
मनू