हत्ती बघायचे तर एप्रिलमध्येच

दोडामार्ग,
१२ फेब्रुवारी

प्रिय सुध्या,

तुझं पत्र मिळालं. दिवाळीच्या सुट्टीत कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात हत्ती बघायला जाऊ म्हणतोस. जाऊ, पण दिवाळीत नको. एप्रिल धर.

तिथे कबिनी नदीवर धरण आहे, १९७४ मधलं. दिवाळीत ते काठोकाठ असतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत येतं. तोवर रानातले पाणवठे आटलेले असतात, मग नागरहोळे आणि पलीकडच्या बंदीपूरचे कळप तिथे उतरतात, शेकड्यांनी. वळवाचे चार पाऊस झाले की पांगले.

तू हसशील, की ज्याच्या दारात हत्ती येतो तो पैसे भरून हत्ती बघायला निघाला! २००२ पासून ते कर्नाटकातून आमच्या तालुक्यात येताहेत खरे, पण मी हत्ती बघितलाय असं मला म्हणवत नाही. ऐकलाय. रात्री दोनला माड मोडतो तेव्हा आधी करकर होते, मग क्षणभर काहीच नाही, मग धप्प. आम्ही खळ्यात बॅटऱ्या आणि फटाके घेऊन उभे. सकाळी जाऊन बघावं तर शेंड्यातला गाभा तेवढा खाल्लेला, बाकी अख्खा माड आडवा. बाबांनी लावलेले सात माड असे गेले. चिखलात एक पाऊल उमटलं होतं, आईचं सूप त्यात बसलं असतं. बाबांनी आधी त्या पावलाला हात जोडले आणि मग शिव्या घालायला सुरुवात केली.

तर मला एकदा तो दिवसाउजेडी बघायचाय. मध्ये आमचा माड नसताना.

तू रेल्वेने बेळगावला ये, मी घाट चढून तिथे येतो. पुढे रात्रीच्या गाडीने मैसूर, तिथून एच. डी. कोटेमार्गे ८० किलोमीटरच्या आसपास. दोन रात्री राहू. जीपची एकच फेरी पुरे. जीपमध्ये सगळ्यांचा जीव वाघात अडकलेला असतो. उरलेल्या फेऱ्या बोटीच्या. काठावर चरणारा कळप पाण्यातून निवांत बघता येतो. बुकिंग आत्ताच कर, शाळांना सुट्ट्या लागल्या की जागा मिळायची नाही. आणि तुझा तो लालभडक टी-शर्ट कृपा करून घरी ठेव.

आईला काल सांगितलं. तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "जातंस तर त्येंका सांग, आता आमच्याकडे येव नकात."

वहिनींना नमस्कार, चिमणीला पापा.

तुझा,
बाळू